धुळ्यात समुद्राचे मासे? आमच्या खाणावळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा माहेरच्यांना एकच घोर लागला होता, की पोरगी आता खाणार काय. त्या घोरातूनच देवपूरच्या बाजूला ही आठ टेबलांची खाणावळ उभी राहिली. पुढे मी असते, आत शेगडीशी माझ्या सासूबाई आणि दोघी मदतनीस, गल्ल्यावर आमचे हे. दारात उभं राहून गिऱ्हाईक रोज तेच तेच विचारतं, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी.

मासा ताजा शे का? ('शे' म्हणजे इथल्या अहिराणीत 'आहे'.)

'ताजा' या शब्दाचा अर्थ वेंगुर्ल्यात एक आणि धुळ्यात दुसरा. माहेरी ताजा म्हणजे सकाळी होडीतून उतरलेला, टोपलीत अजून तडफडणारा. तसा समुद्राचा मासा धुळ्यात कुणी देऊच शकत नाही. आमच्याकडे मिळतो तो बर्फातला मासा, आणि फळ्यावरही आम्ही तसंच लिहितो.

मुंबई इथून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, सुरत त्याहून जवळ. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे समुद्र नसला तरी समुद्राकडून येणारा रस्ता आपल्या दारातून जातो. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पहाटे लिलाव होतो, माल थर्माकोलच्या पेट्यांत भरला जातो, रात्री गाडी कसारा घाट चढते आणि नाशिक, मालेगाव करत उजाडायच्या सुमाराला पेटी आमच्या ओट्यावर येते. म्हणजे धक्क्यापासून इथपर्यंत एक दिवस. पण खरं वय त्याच्याही आधीपासून मोजावं लागतं. मोठ्या बोटी कित्येक दिवस समुद्रातच असतात, आणि पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा तेवढे दिवस बोटीच्या बर्फातच असतो. दादरला राहणारा माणूस जो मासा 'ताजा' म्हणून घेतो तोही बऱ्याचदा असाच बर्फातला असतो. आपला फक्त एक दिवस जास्तीचा.

हा जास्तीचा दिवस सांभाळणं हाच आमचा धंदा आहे, बाकी फोडणी काय, कुणीही देईल. बर्फ लादीचा नको, चुरा हवा, कारण चुरा माशाला सगळीकडून बिलगतो. एक थर बर्फ, एक थर मासा, वर पुन्हा बर्फ. पेटीला खाली भोक हवं, म्हणजे वितळलेलं पाणी निघून जातं आणि मासा आपल्याच घाणीत भिजत बसत नाही. मे महिन्यात इथे पारा 43-44 वर जातो, तेव्हा हिवाळ्यात पुरतो त्याच्या दुप्पट बर्फ घालावा लागतो. पेटी उघडल्यावर वर बर्फ दिसला नाही, नुसतं गार पाणी दिसलं, तर ती पेटी आम्ही घेत नाही.

एका मे महिन्यात गाडी घाटात बंद पडली आणि पेट्या दुपारी दीड वाजता आल्या. चौदा किलो सुरमई होती. वरून काही कळत नव्हतं, सासूबाई म्हणाल्या हळद-मीठ लावून बघू. मी पोटाजवळ बोट दाबलं तर खड्डा पडला तो भरून आलाच नाही. मागच्या परसात खड्डा खणून सगळी पुरली आणि दाराला 'आज बंद'ची पाटी लावली. त्या जागेवरचा कढीपत्ता आता पुरुषभर उंच झाला आहे.

आम्ही आत येऊन मासा बघू शकतो का?

या की. अकराच्या आत आलात तर अख्खा मासा बघायला मिळेल. कल्ले उचलून बघा, लाल हवेत. तपकिरी किंवा चिकट झाले असतील तर मला दाखवा, मी तो बाजूला काढते. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला नको. बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. वास समुद्राचा येतो, नाक मुरडावं असा नाही. उलट काहीच वास येत नसेल आणि मांस रबरासारखं ताठ लागत असेल, तर मला जास्त शंका येते, कारण टिकावा म्हणून औषध मारलेला मासा तसा असतो. म्हणूनच तुकडे केलेला माल आम्ही घेत नाही. तुकड्याला ना कल्ले असतात ना डोळा, त्याला काय विचारणार?

रोज काय काय असतं?

छापील मेनू नाही, दारातला काळा फळा बघायचा. बांगडा जवळजवळ रोज असतो, तळलेला किंवा तिरफळ हा कोकणातला मसाला घातलेलं तिखलं, म्हणजे तिखट-आंबट कालवण. सुरमई आठवड्यातून चार-पाच दिवस. कोलंबी, म्हणजे आपल्याकडचे झिंगे, हमखास. मोरीचं, म्हणजे छोट्या शार्क माशाचं, मटण रविवारी. हलवा आणि रावस हे मासे मिळाले तर. तिसऱ्या, म्हणजे शिंपले, थंडीतच आणतो, त्याही क्वचित, कारण शिंपल्यातलं जनावर गाडीत जिवंत राहिलं तरच उपयोगाचं; धुतल्यावर टिचकी मारून न मिटणारी शिंपली टाकून द्यावी लागते आणि धुळ्यापर्यंत येईस्तोवर अर्धी पेटी न मिटणारीच निघते.

थाळीत एक तळलेला तुकडा, एक वाटी सार, सुकं काहीतरी, भात किंवा भाकरी आणि सोलकढी. भात आणि सार पुन्हा मागा, पैसे लागत नाहीत. मासा पुन्हा मागितलात तर लागतात.

ओले बोंबील का ठेवत नाही? मुंबईत तर सगळीकडे मिळतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्यांचीच, पण नाही. बोंबलाच्या अंगात जवळजवळ सगळं पाणीच असतं, हाड मऊ आणि मांस थलथलीत. बर्फाच्या वजनाखाली एक रात्र काढली की पेटीत बोंबील नाही, लापशी येते. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत ते दांड्यांवर टांगून वाळवतात ते उगाच नाही.

वाळलेला बोंबील मात्र इथे परका नाही. सुकट आणि सुके बोंबील खानदेशच्या आठवडे बाजारात पिढ्यानपिढ्या विकले जातात. माझ्या सासूबाईंनी ओला समुद्री मासा पहिल्यांदा बघितला तो माझ्या लग्नानंतर, पण सुकट भाजून, कुटून, लसूण-मिरचीबरोबर भाकरीवर घ्यायची त्यांची रीत माझ्या आईच्या किसमुरीच्या, म्हणजे सुक्या माशांच्या कोशिंबिरीच्या, तोंडात मारेल अशी आहे. हे आईला सांगू नका. बुधवारी सुक्या माशांचा दिवस असतो, त्या दिवशी या.

पापलेट मोठा का नसतो, आणि छोटा मागितला तर 'नाही' का म्हणता?

मोठा पापलेट महाग, आणि तो बहुतेक परदेशी किंवा मोठ्या हॉटेलांत जातो. छोटा स्वस्तात मिळतो पण आम्ही घेत नाही. 2023 साली राज्य सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटचा तो 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान म्हणजे अंडी घालायचं वय न झालेलं पिल्लू. तळहाताएवढे चार पापलेट ताटात छान दिसतात हे खरं, पण माझे वडील अशा माशांना 'उद्याचं जाळं' म्हणायचे आणि परत टाकायचे. तेव्हा कायदा नव्हता.

पावसाळ्यात तुम्ही काय करता?

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं आहेत. या काळात जो समुद्राचा मासा बाजारात दिसतो तो बहुतांशी शीतगृहात गोठवून ठेवलेला. आम्ही गोठवलेली कोलंबी आणतो आणि फळ्यावर 'गोठवलेली' असं लिहितो. गोठवलेली सुरमई मात्र नाही आणत, ती तळली की कापसासारखी तोंडात फिरते.

त्याऐवजी दोन महिने नदीचा मासा. तापी, गिरणा, आणि उकाई धरणाचं पाणी नवापूर तालुक्यात शिरलंय तिथला माल. रोहू, कटला, मरळ, वाम. पहिल्या जोरदार पावसानंतर ओढ्यांतले खेकडे विकायला येतात, काळपट, छोटे, नांगीत फारसं काही नसलेले. पण त्यांचा रस्सा! सासूबाई खेकड्याच्या बारीक तंगड्या पाट्यावर वाटून गाळून घेतात आणि त्या पाण्यातच काळा मसाला घालतात. वेंगुर्ल्याला आम्हीही खेकड्याचे पाय वाटून घालतो. दोन टोकांच्या दोन घरांत एकच युक्ती कशी पोचली, मला अजून कळलेलं नाही.

एक गंमत मनात येते नेहमी. तापी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. म्हणजे आपलं पाणी रोज समुद्राकडे जातं आणि मासे मात्र डिझेल जाळून उलटे चढून येतात.

श्रावणात चालू असतं का?

नाही. आखाड संपेपर्यंत जागा मिळत नाही, अवसेच्या आदल्या रविवारी तर लोक रस्त्यावर उभे राहून जेवतात, आणि दुसऱ्या दिवशीपासून शुकशुकाट. श्रावणात आमच्याच घरी कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, बसते, तेव्हा घरात माशाचं नाव काढायची सोय नाही. भांडी घासून, भिंतींना चुना मारून मी माहेरी जाते. नारळी पौर्णिमेला तिकडे समुद्राला नारळ देऊन बोटी निघतात, ते बघून परत येते. पितृपंधरवड्यात आणि नवरात्रातही बंद. एरवी सोमवार सोडून रोज, दुपारी 12 ते 3 आणि संध्याकाळी 7 ते 10.

रस्सा मालवणी असतो की खानदेशी?

यावरून घरात भांडण झालेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोकणात अंगणात नारळ, म्हणून वाटण ओल्या खोबऱ्याचं. आंबटपणाला आमसूल, बांगड्याला तिरफळ. रंग केशरी, चव सौम्य आणि गोडसर आंबट. खानदेशात नारळ लांबून यायचा, ओला टिकायचा नाही, म्हणून सुकं खोबरं. ते काळं होईस्तोवर भाजायचं, कांदा थेट विस्तवात टाकायचा, दगडफूल, लवंग, दालचिनी, आणि वर तेलाचा तवंग. पहिल्या महिन्यात मी माझं सार वाढलं तर एक काका म्हणाले, "वहिनी, चव चांगली शे, पण भाजी आजाऱ्याले देतात तशी शे." मी आत जाऊन रडले. सासूबाईंनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी कोलंबी काळ्या मसाल्यात केली आणि दुपारी दोनच्या आत पातेलं रिकामं.

मी तेव्हा ऐकलं, पण सगळं नाही ऐकलं. कोलंबी, खेकडा, मरळ, वाम हे काळ्या मसाल्यात उत्तम होतात, त्यांच्या अंगात तेवढा दम असतो. सुरमई, रावस यांच्यावर काळा मसाला घालणं म्हणजे पैठणीवर गोधडी पांघरणं. ते मी करू देत नाही, कितीही मागा. बांगड्याचं तिखलं माझ्याच हातचं असतं. त्यातली तिरफळं चावू नका, ती फक्त वासापुरती असतात. एका आजोबांनी लवंग समजून चावलं आणि अर्धा तास त्यांची जीभ बधिर. बिल द्यायला खुणा करत होते.

तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा. जास्त हवं असेल तर ठेचा टेबलावरच आहे.

भाकरी कुठली मिळते?

तांदळाची, ज्वारीची, बाजरीची. थंडीत कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. काळ्या रश्श्याबरोबर कळण्याची घ्या. माझ्या साराबरोबर मात्र भातच घ्या, ज्वारीची भाकरी सारात कुस्करली की ज्वारीच लागते, सार लागत नाही. उकड्या तांदळाचा भात फक्त शनिवारी. लोकांना त्याचा वास आवडत नाही, पण मला आवडतो आणि खाणावळ माझी आहे.

मासे खाऊन सोलकढी चालते का? दूध आणि मासे एकत्र नको म्हणतात ना?

सोलकढीत दूध नसतं. नारळ वाटून पिळून काढलेला रस, आमसुलाचं पाणी, लसूण, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर, बस. गुलाबी रंग आमसुलाचा, बाहेरचा नाही. आमसुलं माहेराहून येतात.

दूध आणि मासे हा आयुर्वेदाने विरुद्ध आहार सांगितला आहे, ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं, आम्ही इथे चहा-दूध विकतच नाही. पण मासे-दुधाने अंगावर कोड येतं ही भीती मनातून काढा. कोड शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटल्यामुळे येतं, असं डॉक्टर सांगतात. त्याचा ताटाशी संबंध नाही. आमच्या एका ओळखीच्या मुलीचं लग्न असल्याच बोलण्यांवरून लांबलं होतं, म्हणून हे ठासून लिहिते.

सोलकढी सकाळी केलेली संध्याकाळी देत नाही. फ्रीजमध्ये ठेवली तरी नारळ खवट होतो. दोनदा करतो, संपली की संपली.

मागे एकदा दुसरीकडे बांगडा खाल्ला आणि अंगावर गांधी उठल्या. मला मासा चालत नाही का?

दोन शक्यता आहेत. एक, तुम्हाला खरोखरच माशाची ॲलर्जी असेल. ती असेल तर मासा कितीही ताजा असला तरी त्रास देऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथे प्रयोग करू नका. दुसरी शक्यता अशी की तो मासा उन्हात राहिलेला असेल. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गरम जागी पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टॅमिन करतात, आणि ते पोटात गेलं की तोंड लाल होणं, अंग खाजणं, डोकं ठणकणं, असं ॲलर्जीसारखंच सगळं होतं. वाईट गोष्ट ही की एकदा तयार झालेलं हिस्टॅमिन तळून, उकळून जात नाही, आणि मासा चवीला बरा लागू शकतो. त्याला इलाज एकच, पकडल्यापासून बर्फ. वर बर्फाचं एवढं पुराण लावलं ते याचसाठी.

कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी वेगळी असते. ती असेल तर येताक्षणी सांगा. तळणीचं तेल आमच्याकडे एकच असतं, त्यामुळे अशा गिऱ्हाईकाला आम्ही तव्यावर वेगळं करून देतो, आणि गर्दी असेल तर सरळ 'आज नको' सांगतो.

मुलांना काय द्यावं? काट्यांची भीती वाटते.

सुरमईचा मधला तुकडा. मधे एक मणका, तो काढला की मूल स्वतःच्या हाताने खातं. मोरीला काटे नाहीत, कूर्चा असते, तीही चालेल. रोहू मात्र लहान मुलांना देऊ नका. त्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे विखुरलेले असतात, ते मोठ्यांनाही चकवतात.

काटा अडकलाच तर भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावतात, आमच्याकडेही लावायचे. ते करू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. थोडं पाणी प्या, खाकरून बघा, आणि टोचणं राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

आमच्यातला एक जण माळकरी आहे, त्याला काय मिळेल?

शेवभाजी, वांग्याचं भरीत, दाल-भात. भरीत थंडीतच, कारण आमच्याकडे भरताची हिरवी वांगी जळगावकडून येतात ती तेव्हाच चांगली असतात. कढई, तवा, झारे वेगळे आहेत आणि वेगळ्या ओट्यावर असतात. पण छप्पर एकच आहे आणि वास सगळीकडे फिरतो. जो वासानेही अस्वस्थ होईल त्याला आग्रह करून आणू नका, त्याचंही जेवण जाईल आणि तुमचंही.

केळीच्या पानातला मासा नेहमी असतो का?

शुक्रवारी. कोकणात आम्ही हळदीच्या पानात करतो, इथे हळदीचं पान शोधत बसण्यापेक्षा केळीचं पान काय, म्हणाल तेवढं. शिरपूर-रावेरकडे बागाच्या बागा आहेत. पान विस्तवावर धरून मऊ करायचं, हिरवं वाटण लावलेला रावस किंवा कटला गुंडाळायचा, दोऱ्याने बांधून तव्यावर झाकण ठेवून दोन्हीकडून भाजायचा. पान काळं पडलं की आतला मासा झाला. हा प्रकार ना माहेरचा ना सासरचा, इथेच जन्मला. आधी फोन करून सांगा, वीसच करतो.

दर रोज का बदलतात?

लिलावात बदलतात म्हणून. वादळाची सूचना आली आणि बोटी दोन दिवस बंदरात थांबल्या की सुरमईचा भाव चढतो, आणि माझ्या गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा पडतो. बांगड्याची थाळी शक्यतो हलवत नाही. सुरमई, हलवा, पापलेट यांचा भाव त्या दिवशी फळ्यावर असेल तो. मागच्या आठवड्याचा फोटो दाखवून भांडू नका, हे भांडणात हरत नाहीत.

पार्सल, पैसे, गाडी, दारू?

पार्सल मिळतं, डबा घरून आणलात तर बरं. तळलेला मासा पार्सल नेऊ नका असं मी सांगते, वाफेने त्याचं कवच मऊ पडतं. नेलात तर डब्याचं झाकण उघडं ठेवा. मोबाईलवरून पैसे चालतात. दुचाकी समोर, चारचाकी शाळेच्या भिंतीला लागून, पण शाळा सुटायच्या वेळी नको. दारू मिळत नाही आणि आणूनही चालत नाही.

घरच्या मांजरीसाठी उरलेलं मिळेल का?

ताटातले काटे देत नाही. मसाल्यात कांदा-लसूण असतो, तो मांजरीला बाधतो, आणि शिजलेला काटा तिच्याही घशात अडकतो. साफ करताना निघालेले मांसाचे कच्चे तुकडे आम्ही बिनमिठाच्या पाण्यात उकळून, काटे काढून ठेवतो. डोकी मागू नका, ती सारात जातात. साडेअकराच्या आत मागच्या दाराने या आणि पिशवी घेऊन या. दारात एक बोका बसलेला असतो, त्याचा वाटा आधी.